आठ जणांपैकी दोघं कुठे गेले?

मी लासलगावहून बोलतोय. घाबरू नका, कांद्याचा भाव सांगत नाही. ते काम आमच्या गावात बरीच मंडळी माझ्यापेक्षा चांगलं करतात. आजचा भाग आहे प्राण्या-पक्ष्यांचं वेड असलेल्या माणसांबद्दल. त्यातही अशा माणसांबद्दल, जी एका मोठ्या टोळक्यात अगदी पहिल्या दिवसापासून होती आणि नंतर त्या टोळक्याच्या गोष्टीतून गायब झाली.

आमचा लासलगाव निफाड तालुक्यात येतो. याच तालुक्यात गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. दुचाकी काढली की तासाभराच्या आत पोचतो. १९८६ साली ते पक्षी अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जगाच्या यादीत गेलं. रामसर म्हणजे इराणमधलं एक शहर. पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये तिथे झाला, म्हणून हे नाव. थंडीत चापडगावच्या बाजूला गेलात तर कॅमेरे आणि दुर्बिणी घेतलेली पोरं दिसतात. आणि घरी गेल्यावर त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक वाक्य ऐकायला मिळतं. "हे साहेब लोकांचे नाद आहेत रे, आपल्याला काय करायचंय?"

हे वाक्य आजच्या भागाचं कारण आहे. कारण इतिहास उघडून बघितला तर ते खोटं निघतं. पण ते खरं का वाटतं, याचंही कारण इतिहासातच सापडतं. चला तर.

तारीख १५ सप्टेंबर १८८३. जागा मुंबई, भायखळा, राणीची बाग. हो, तीच बाग, जिथे तुम्ही आज पेंग्विन बघायला रांगेत उभे राहता. १८६२ मध्ये ती 'व्हिक्टोरिया गार्डन्स' म्हणून सुरू झाली. आत शिरलं की डाव्या-उजव्या गडबडीत एक देखणी जुनी इमारत लागते, ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८८३ मध्ये त्याचं नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. त्या दिवशी या म्युझियममध्ये आठ माणसं जमली. कारण साधं होतं. प्रत्येकाला कसलं तरी वेड होतं. कुणाला पाखरांचं, कुणाला पतंगांचं, कुणाला झाडापाल्याचं. आपण काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं, काही नमुना सापडला तर आणून दाखवायचा, एवढंच ठरलं. त्या बैठकीतून उभी राहिली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे आपली बीएनएचएस. आजही ती भारतातल्या निसर्ग अभ्यासाची फार मोठी संस्था आहे.

आता ते आठ जण कोण होते ते ऐका. ई. एच. एटकेन, कर्नल सी. स्विन्हो, डॉ. डी. मॅकडॉनल्ड, डॉ. जी. ए. मॅकोनाकी, जे. सी. अँडरसन, जे. जॉन्स्टन. झाले सहा. उरलेले दोन: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन.

पुन्हा ऐका. आठातले दोन. म्हणजे एक चतुर्थांश. दोघंही मराठी, दोघंही डॉक्टर. कुणीतरी मागून बोलावलेले पाहुणे म्हणून ते आले नव्हते. संस्था जन्मली त्या खोलीत ते बसले होते.

मग 'साहेब लोकांचा नाद' हे वाक्य आलं कुठून? ही दोन माणसं कुठे गेली?

मोबाइलवरच्या ग्रुपमधून कुणी बाहेर पडलं की खाली करड्या अक्षरांत एक ओळ उमटते, अमुक व्यक्ती लेफ्ट. इतिहासात ती ओळही उमटत नाही. माणूस नुसता दिसेनासा होतो. आणि मला असं दिसलंय की दिसेनासं होण्याच्याही वेगवेगळ्या तऱ्हा असतात. आज त्यातल्या चार सांगतो.

पहिली तऱ्हा: नोंदवही उघडायच्या आधीच जाणं.

सखाराम अर्जुन राऊत यांचा जन्म १८३९ चा. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आज आपल्याला वाटेल की डॉक्टरांना वनस्पतिशास्त्र कशाला? पण त्या काळी औषध म्हणजे मुख्यतः पाला, मुळी, साल, बी. डॉक्टरला झाड ओळखता येणं हा त्याच्या धंद्याचा भाग होता. त्या आठ जणांतले चार डॉक्टर होते हा काही योगायोग नाही. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची यादी इंग्रजीत तयार केली होती. म्हणजे हा माणूस गाठोडी घेऊन बसलेल्या वैदूकडे आणि काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन बघणारा होता. इंग्रज अधिकाऱ्याला जे झाड लॅटिन नावाने माहीत असायचं, ते यांना दोन्ही बाजूंनी माहीत होतं.

आता पुढचा क्रम नीट लक्षात ठेवा, कारण इथे सगळं एकमेकांत अडकतं.

सप्टेंबर १८८३ मध्ये सोसायटी सुरू झाली. जानेवारी १८८४ मध्ये हर्बर्ट फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातली एक खोली सोसायटीला दिली. लोक नमुने आणून तिथे ठेवू लागले. आणि मार्च १८८४ मध्ये सखाराम अर्जुन यांच्या नावाने वकिलाची नोटीस आली.

नोटीस पाठवणाऱ्याचं नाव दादाजी भिकाजी. आता तुमच्यातल्या काहींच्या डोक्यात घंटी वाजली असेल. दादाजी विरुद्ध रखमाबाई. होय, तोच खटला. रखमाबाईंची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर तिने सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. म्हणजे सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजींशी झालं होतं आणि दादाजी सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले होते. लग्नानंतर गर्भाधानाचा विधी करायची वेळ आली तेव्हा या डॉक्टर बापाने तो होऊ दिला नाही. एवढ्या लहान मुलीच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, हे त्यांना पुस्तकातून आणि दवाखान्यातून माहीत होतं. पुढे मुलगी मोठी झाली आणि तिने नवऱ्याकडे जायला साफ नकार दिला. नोटिशीत दादाजींचं म्हणणं असं की तिला तुम्ही अडवून धरलंय, अडवणं थांबवा.

विचार करा. एकीकडे झाडं, पाखरं, नमुन्यांच्या गप्पा. दुसरीकडे सगळ्या मुंबईच्या तोंडी असलेला घरचा वाद. आणि एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन गेले. वय पंचेचाळिशीच्या आसपास.

त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो ऐकायला ते नव्हते. आणि जानेवारी १८८६ मध्ये सोसायटीच्या जर्नलचा पहिला अंक निघाला. तो बघायलाही ते नव्हते.

हे जर्नल आजही निघतं. सोसायटीचा इतिहास लिहायचा तर माणसं हेच जर्नल उघडतात. पण जर्नल सुरू झालं तेव्हा संस्थापकांतला एक माणूस जाऊन नऊ महिने झाले होते. ज्यांनी लिहिलं ते दिसतात. जो लिहायच्या आधीच गेला, त्याच्या वाट्याला संस्थापकांच्या यादीतली एक ओळ येते. बाकी जग त्यांना रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून ओळखतं. ती ओळख मोठीच आहे, पण ती अर्ध्या माणसाची ओळख आहे.

दुसरी तऱ्हा: इतिहासाच्या वेगळ्या कप्प्यात जाणं.

डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. गिरगावात 'प्रार्थना समाज' नावाचा बसस्टॉप तुमच्यापैकी मुंबईकरांनी शेकडो वेळा ऐकला असेल. त्या प्रार्थना समाजाची स्थापना १८६७ मध्ये झाली, ती आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने. त्यांचे थोरले भाऊ दादोबा पांडुरंग, म्हणजे मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा. आत्माराम १८७९ मध्ये मुंबईचे शेरीफ झाले. त्यांची मुलगी अन्नपूर्णा, जिला आना म्हणायचे, तिने १८७८ मध्ये मुंबईच्या घरी मुक्कामाला आलेल्या तरुण रवींद्रनाथ टागोरांना इंग्रजी संभाषणाचे धडे दिले. टागोरांनी तिला 'नलिनी' हे नाव दिलं. ही गोष्ट रील्सवर फिरते, तुम्ही बघितलीही असेल.

म्हणजे आत्माराम पांडुरंग काही अज्ञात माणूस नाही. धर्मसुधारणेच्या पुस्तकात ते आहेत. टागोरांच्या चरित्रात आहेत. शाळेच्या पुस्तकात प्रार्थना समाजाला एक परिच्छेद असतो, तिथेही ते असतात. फक्त १५ सप्टेंबर १८८३ चा दिवस त्या परिच्छेदात नसतो.

ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. १८५१ मध्ये पास झालेल्या त्या तुकडीत आठ जण होते. त्यात एक होते भाऊ दाजी. होय, तेच भाऊ दाजी लाड. ज्या म्युझियममध्ये सोसायटी जन्मली, ते उभं करण्यात भाऊ दाजींचा मोठा वाटा होता. १८७२ मध्ये म्युझियम लोकांसाठी उघडलं, १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले आणि १९७५ मध्ये म्युझियमला त्यांचं नाव मिळालं. म्हणजे एका वर्गमित्राच्या धडपडीतून उभ्या राहिलेल्या म्युझियममध्ये दुसऱ्या वर्गमित्राने सोसायटी सुरू केली. पहिल्याचं नाव दारावर आहे. दुसऱ्याचं नाव शोधायला धर्मसुधारणेच्या कपाटापाशी जावं लागतं.

मला यात कुणाचा कट वगैरे दिसत नाही. आपण माणसांना एकेका लेबलखाली ठेवतो, एवढंच झालंय. हा समाजसुधारक, तो कवी, हा डॉक्टर. पण एकोणिसाव्या शतकातल्या या माणसांच्या डोक्यात असे कप्पे नव्हते. विधवेच्या लग्नाचा प्रश्न, एकेश्वराची प्रार्थना, रोग्याची नाडी आणि झाडावरचं पाखरू ही सगळी त्यांच्यासाठी एकाच सवयीची कामं होती: समोर जे आहे ते नीट बघायचं, आणि ऐकीव गोष्टीपेक्षा पाहिलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवायचा. आपण त्यातलं पाखरू तेवढं बाजूला काढलं. मग शे-दीडशे वर्षांनी म्हणायला मोकळे, की हे नाद आपल्याकडे नव्हतेच.

तिसरी तऱ्हा: दुसऱ्याच्या नावाखाली जाणं.

आत्माराम पांडुरंग आणि भाऊ दाजी यांच्याच तुकडीत तिसरं एक नाव होतं. डॉ. जोझे कामिलो लिस्बोआ. मूळचे गोव्याचे. डॉक्टरी करता करता ते गवतांच्या नादी लागले आणि मुंबई इलाख्यातल्या गवतांवर त्यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. गवतं हा किचकट विषय आहे, मंडळी. आमच्याकडचे शेतकरीसुद्धा दहा-बारा गवतं नावाने सांगतील, मग म्हणतील, बाकी सगळा चारा.

तर या डॉक्टरांच्या बायकोनेही गवतांचा अभ्यास केला. सुवासिक गवतांवर तिचा लेख त्याच जर्नलमध्ये आला. १८८९ मध्ये तिने एका सुवासिक गवताचं वर्णन करून त्याला शास्त्रीय नाव दिलं, अँड्रोपोगॉन ओडोरॅटस. वनस्पतिशास्त्रात नाव देणाऱ्याचं आडनाव पुढे जोडतात. या गवतापुढे लिस्बोआ हेच आडनाव येतं. पण जर्नलमध्ये लेखिका म्हणून छापलंय काय? 'मिसेस लिस्बोआ'. स्वतःचं पहिलं नाव गायब. आज कुणी ते गवत आणि त्यापुढचं आडनाव वाचलं, तर सहज समजेल की हे काम नवऱ्याचंच.

ती वेळ आठवा. त्याच १८८९ मध्ये रखमाबाई डॉक्टर व्हायला लंडनला निघाल्या. मधल्या काळात खटला उलटला होता. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं होतं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या होत्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या सुटल्या.

त्यांना लंडनला जायला मदत करणाऱ्यांत पुढे होत्या डॉ. एडिथ पीची. कामा हॉस्पिटलसाठी मुंबईत आलेल्या इंग्रज डॉक्टर. आणि १८८९ मध्येच त्यांचं लग्न झालं कुणाशी? हर्बर्ट फिप्सनशी. तोच तो दारूचा व्यापारी, ज्याने सोसायटीला आपल्या दुकानातली खोली दिली होती. सखाराम अर्जुन यांची सोसायटी ज्या घराने सांभाळली, त्याच घरातल्या बाईने त्यांच्या मुलीला डॉक्टर व्हायला हात दिला. निसर्गाच्या वेडाची गोष्ट आणि बाईच्या हक्काची गोष्ट वेगवेगळ्या पुस्तकांत वाचली तर हा धागा सुटतो. एकत्र वाचली तर दिसतं की त्या मुंबईत ही सगळी एकमेकांच्या ओळखीची माणसं होती.

आणि हो, नाशिककरांनो, हे जोडपं आपल्यालाही अगदी परकं नाही. पीची-फिप्सन नावाचं एक आरोग्यधाम नाशिकजवळ होतं, बायका-मुलांसाठी. ते १९६४ पर्यंत चालू होतं.

चौथी तऱ्हा मला सगळ्यात जवळची वाटते. ती म्हणजे कामाच्या नावाखाली जाणं.

संस्थापकांतल्या एटकेनचा जन्म साताऱ्याचा. मिठाच्या आणि कस्टमच्या खात्यात नोकरी. 'ईहा' या टोपणनावाने त्याने भन्नाट विनोदी पुस्तकं लिहिली. त्यातलं एक आहे 'बिहाइंड द बंगलो', १८८९ चं. बंगल्यामागे राहणाऱ्या नोकरमाणसांवर आहे. त्यातली प्रकरणं बघितली तर माणसं बहुतेक कामाच्या नावाने भेटतात: माळी, हमाल, घोडेवाला, कुत्र्याला सांभाळणारा पोऱ्या. एटकेनला पाखरं आणि किडे बारकाईने बघता यायचे. एका डासाच्या जातीला त्याचं नाव दिलंय, अ‍ॅनोफेलिस एटकेनी. फिप्सनचं नाव पश्चिम घाटातल्या, जमिनीत राहणाऱ्या एका छोट्या सापाला आहे. पण बंगल्यातल्या माळ्याने कोणतं घरटं कुठे दाखवलं, ते त्या माळ्याच्या नावाने कुठल्या सापाला किंवा डासाला चिकटलं नाही.

पुढे १९११ मध्ये सोसायटीने देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. उंदरापासून कोल्ह्यापर्यंत सगळं. पहिला अहवाल कुठला होता? आपल्या शेजारचा, खानदेशचा. नमुने गोळा करणारा माणूस क्रंप नावाचा. त्याचंही नाव पुढे एका उंदराला मिळालं. पण अशी पाहणी एकट्या माणसाने होत नसते. बीळ कुठे आहे, कोणता प्राणी रात्री कोणत्या नाल्याने येतो, हे गावातल्याच माणसाला ठाऊक असतं. भिल्ल, पारधी, गुराखी. अशा लोकांच्या पायांवर जगभरातल्या पाहण्या चालल्या.

आता हे लासलगावात बसून मला अगदी ओळखीचं का वाटतं, ते सांगतो. आमच्या बाजार समितीत शेतकऱ्याचा कांदा विकला गेला की त्याला हिशोबपट्टी मिळते. त्यावर शेतकऱ्याचं नाव असतं, व्यापाऱ्याचं नाव असतं, भाव असतो, वजन असतं. आणि हमाली, तोलाई हे शब्दही असतात, पुढे रक्कम असते. हमालाचं नाव नसतं. मापाऱ्याचं नाव नसतं. त्यांनी काम केलंय याचा पुरावा पट्टीवर आहे, पण तो आकड्याच्या रूपात आहे. शंभर वर्षांनी कुणी ती पट्टी वाचली तर कळेल की कुणीतरी पोती उचलली होती. कुणी, ते कळणार नाही.

निसर्ग अभ्यासाचा इतिहास बराचसा अशा हिशोबपट्टीसारखा आहे.

आणि हे काही इंग्रजांपासून सुरू झालं असंही नाही बरं का. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांना जनावरांची फार हौस. तिथल्या गेंड्याचं चित्र १७९० मध्ये गंगाराम तांबट नावाच्या चित्रकाराने काढलं, ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याने १७९२ मध्ये पेशव्यांची माणसाळलेली काळविटं पाहिली. वाद्यं वाजली की ती रानातून जवळ येऊन ऐकत उभी राहायची, असं त्याचं वर्णन आहे. आता काळवीट किती लाजाळू प्राणी आहे ते आमच्याकडच्यांना विचारा. लासलगावहून येवल्याच्या पुढे ममदापूरला गेलात तर आजही कळप दिसतात, पण गाडी थांबली की पळालेच. अशा प्राण्याला ढोल-सनईपाशी उभं करायला कुणीतरी महिनोन्महिने त्याच्यासोबत राहिलं असणार. पेशव्यांचं नाव राहिलं, मॅलेटचं राहिलं, गंगारामचं राहिलं. काळविटांना शिकवणारा राहिला तो 'शिकारखान्यातला माणूस' म्हणून.

आता एक गंमत ऐका. सोसायटीच्या ऑफिसात १८९४ पासून एक पाळलेला धनेश होता. मोठ्या पिवळ्या चोचीचा महाधनेश. त्याचं नाव विल्यम. मिलार्डच्या खुर्चीमागे त्याचा पिंजरा असायचा. फेकलेली वस्तू तो चोचीत अचूक झेलायचा. १९२० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं तो तिथे राहिला. आज मुंबईत सोसायटीच्या इमारतीचं नाव 'हॉर्नबिल हाउस' आहे. चिन्हावर धनेश आहे. मासिकाचं नाव 'हॉर्नबिल' आहे.

विल्यमबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट एखाद्या पाखराला एवढा मान मिळतो याचा आनंदच आहे. मुद्दा एवढाच, की नाव टिकवायचं ठरवलं तर टिकतं. सव्वीस वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याचं नाव टिकलं, कारण रोज येणाऱ्या माणसांनी ते घेतलं, सांगितलं, लिहिलं. नाव टिकण्यामागे जादू नसते, सवय असते.

अशी सवय आपल्याकडे एका माणसाने लावायचा प्रयत्न केला. मारुती चितमपल्ली. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी जंगलातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावं गोळा केली आणि पक्षिकोश लिहिला. त्यांच्या लेखनात जंगलाची माहिती सांगणारी माणसं हाडामांसाची असतात. १८ जून २०२५ ला ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट दिसते: मराठीत पाखरांना नावं होती, ती माहीत असणारी माणसं होती, फक्त त्यांच्याशी बसून बोलणारा कुणीतरी लागत होता.

मग या सगळ्याने आज काय फरक पडतो? पडतो, मंडळी. नांदूर मध्यमेश्वरला डॉ. सलीम अली येऊन गेले आणि त्यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतं. अभिमानानेच सांगतो आम्ही ते. सलीम अलींचं मोठेपण आहेच. लहानपणी १९०८ मध्ये मारलेली एक चिमणी ओळखायला ते याच सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि तिथून त्यांचं आयुष्य बदललं. पण ज्या संस्थेच्या दारात तो मुलगा उभा होता, ती सुरू करणाऱ्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते. हे ज्या मुलाला माहीत आहे, त्याच्या हातातली दुर्बीण त्याला उसनी वाटणार नाही. घरच्यांनी 'साहेबांचे नाद' म्हटलं तर त्याच्याकडे सांगायला दोन नावं असतील. मुलीकडे तर तीन: मिसेस लिस्बोआ यांचं धरून.

आणि दुसरा फरक उद्याच्या नोंदींचा. आज चापडगावला तुम्हाला जो स्थानिक गाइड पाण्यातला ठिपका बघून सांगतो की तो थापट्या आहे आणि त्याच्या पलीकडचा चमचा, त्याचं नाव तुमच्या फोटोखाली असतं का? पोस्टवर कॅमेऱ्याचं मॉडेल असतं, लेन्सचा आकडा असतो, पक्ष्याचं इंग्रजी नाव असतं. दाखवणारा नसतो. हे आपण आत्ता, या थंडीत बदलू शकतो. काही खर्च नाही. त्याला आधी विचारायचं, "दादा, तुमचं नाव टाकू का?" हो म्हणाला तर फोटोखाली एक ओळ: दाखवलं अमुक यांनी, गाव अमुक. घरी आजीला विचारा, या पाखराला तू काय म्हणायचीस, आणि ती जे सांगेल ते तिच्या नावासकट लिहून ठेवा.

सखाराम अर्जुन यांच्या वेळेला जर्नल निघायला उशीर झाला. आपल्या खिशात तर ते रोजच असतं.

आजचा भाग इथे थांबवतो. राणीच्या बागेत जाणार असाल तर पेंग्विनच्या रांगेत लागण्याआधी त्या जुन्या म्युझियमपाशी जरा थांबा, आणि सोबतच्याला सांगा की इथे आठ जण जमले होते. मग त्यातली दोन नावं मोठ्याने घ्या. भेटू पुढच्या भागात.